भरलेलं वावर, रिकामी कणगी

स्मृतिव्याख्यान म्हटलं की एका नावाचं स्मरण आलं. पण भुकेच्या इतिहासात नावं क्वचितच सापडतात, सापडतात ते आकडे. १९०१ सालच्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत ती १२ टक्क्यांनी घटली होती. सगळ्या वऱ्हाडातली घट ५ टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे बुलढाण्याचा घाव त्याच्या दुपटीहून मोठा. त्या वेळी जिल्ह्यात तीनच तालुके होते: चिखली, मेहकर आणि मलकापूर. मधल्या दहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ येऊन गेले होते, आणि दुसरा जिल्हाभर जाणवला होता. काही माणसं मेली, काही परागंदा झाली, काही मुलं जन्मलीच नाहीत. त्यांच्यातल्या कुणाचंही नाव आज कोणी सांगू शकत नाही.

हे घडलं ते एखाद्या उजाड मुलखात नव्हे. वऱ्हाडची काळी जमीन तेव्हा देशातल्या उत्तम जमिनींत गणली जात होती. मग धान्य पिकवणाऱ्या माणसाच्या घरात धान्य का राहिलं नाही? आज चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी पाहणाऱ्यालाही हाच प्रश्न पडायला हवा. या व्याख्यानाचं म्हणणं थोडक्यात असं: चिखलीसारख्या मुलखात भूक पीक बुडाल्यामुळे येते त्यापेक्षा, पिकावरचा आणि धान्यावरचा घराचा ताबा सुटल्यामुळे अधिक येते. म्हणून भुकेवरचा कोणताही उपाय तपासताना विचारायचं ते एवढंच की तो हा ताबा घराला परत देतो की आणखी दूर नेतो.

कापसाचा रस्ता

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि गिरणीमालकांची नजर वऱ्हाडावर खिळली. खामगावची कापसाची पेठ नावारूपाला आली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. एवढ्याशा फाट्यासाठी हिंदुस्थानचा सर्वोच्च अधिकारी येतो, यावरून कापसाचं वजन कळतं.

चिखली घाटावर. रेल्वे घाटाखाली. खामगाव-जालना रेल्वेमार्ग चिखलीवरून जावा ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आजही मागणीच आहे. पण रेल्वे दारात आली नाही म्हणून बाजार दारात यायचा थांबला नाही. बैलगाडी घाट उतरून खामगावला जात होती. आधी तिच्यात कापूस गेला, पुढे भाव दिसला तसं धान्यही गेलं.

त्याआधीची व्यवस्था निराळी होती. ज्वारी घराच्या बळदात, कणगीत आणि गावच्या पेवात साठायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, आतून कडब्याचा थर दिलेला खड्डा. त्यात ज्वारी वर्षानुवर्षं टिके. पेव उघडलं की आतला कोंडलेला वायू जीवघेणा असे, म्हणून लगेच कोणी आत उतरत नसे. एक वर्ष पाऊस दगा देईल हे गृहीत धरून बांधलेली ती व्यवस्था होती. ती सर्वांसाठी सारखी नव्हती, हेही विसरता येत नाही. पेव पाटलाचं असे, सावकाराचं असे. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला बलुत्याचं चार पायल्या धान्य आणि कापणीनंतर वावरात वेचलेला सरवा यायचा. तरी धान्य गावात होतं. मागायला, भांडायला, प्रसंगी लुटायलाही ते हाताच्या अंतरावर होतं.

लक्ष्मण सत्या यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वऱ्हाडातला कापूस आणि दुष्काळ यांच्या संबंधावर आख्खा ग्रंथ लिहिला आहे. कापसाचा पेरा वाढला, अन्नधान्याचा आकसला, शेतसारा रोखीत भरायचा असल्याने शेतकरी सावकाराला बांधला गेला, आणि रेल्वेने धान्य जिथे भाव तिथे नेलं. १८९९ मध्ये पावसाने पाठ फिरवली तेव्हा गावात साठा उरला नव्हता. धान्य बाजारात होतं, ते घ्यायला लागणारी मजुरी मात्र बुडाली होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात बंगालच्या दुष्काळाबद्दल जे दाखवून दिलं, त्याचा वऱ्हाडी दाखला त्या बंगालच्या दुष्काळाच्याही चाळीस वर्षं आधीच घडून गेला होता.

मिलो आणि सुकडी

स्वातंत्र्यानंतरचा मोठा फटका १९७२ चा. तो आठवणारी माणसं घाटावरच्या गावांत अजून आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात दोन शब्द हटकून येतात: मिलो आणि सुकडी. मिलो म्हणजे रेशनवर मिळालेली परदेशी लाल ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नसे आणि घशाखाली उतरत नसे. सुकडी म्हणजे दुष्काळी कामांवर वाटलेला पौष्टिक खाऊ. खडी फोडायची, पाझर तलावाची माती उचलायची, नाल्याला बांध घालायचा आणि आठवड्याला मजुरी घ्यायची. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती.

१९०० आणि १९७३ यांच्यातला फरक पावसाचा नव्हता. फरक राज्यकर्त्यांना विचारता येणाऱ्या जाबाचा होता. या वेळी मोर्चे निघाले, विधिमंडळात प्रश्न आले, संघटनांनी कामं मागितली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव भागात करून पाहिलेली कल्पना याच काळात राज्यभर गेली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापायचा आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं, असा व्यवहार महाराष्ट्राने स्वीकारला. पुढे २००५ मध्ये देशाने कायदा केला, त्यामागे हाच अनुभव होता.

त्याच सुमारास पुण्यात भूक मोजायची कशी यावर वाद रंगला होता. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी २२५० उष्मांक ही किमान रेषा धरून गरिबी मोजली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचं काम केलेले पां. वा. सुखात्मे म्हणत की माणसागणिक गरज बदलते, एकच रेषा सगळ्यांना लावता येत नाही. वाद तज्ज्ञांचा होता, पण त्याचा निकाल रेशनकार्डाच्या रंगापर्यंत पोहोचतो. १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आली, आणि घराची भूक कार्डाच्या रंगावरून ओळखली जाऊ लागली.

ज्वारी गेली, सोयाबीन आलं

भेंडवळच्या घटमांडणीची बातमी दर अक्षय्य तृतीयेला महाराष्ट्रभर छापून येते. जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या गावात घटाभोवती अठरा प्रकारची धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हालचाल पाहून पीकपाण्याचं भाकीत करतात. भाकीत कितपत खरं ठरतं हा वेगळा विषय. पण ती अठरा धान्यांची यादी वाचण्यासारखी आहे. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद यांच्याबरोबर तीत भादली, लाख, जवस, करडी आणि अंबाडीही आहे. एका जुन्या वऱ्हाडी घराला वर्षभर काय लागतं, याचा तो हिशोबच आहे. त्यातल्या निम्म्या वस्तू आज घाटावरच्या शिवारात शोधत हिंडावं लागेल.

खरिपात बुलढाणा जिल्ह्याच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर आता सोयाबीन असतं. शेतकऱ्याने हे खुळेपणाने केलेलं नाही. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, त्यामुळे त्याच वावरात हरभरा घेता येतो. ज्वारीला पाखरं राखावी लागतात, रानडुकरांसाठी रात्रीची जागल करावी लागते, आणि कणीस भरताना पाऊस लागला तर दाणे काळे पडतात. कापणी, खुडणी, मळणी असं सगळं मनुष्यबळ लागतं. १९६४ मध्ये आलेल्या सीएसएच-१ या संकरित वाणाने ज्वारीचं उत्पादन वाढवलं. लोकांनी त्याला नुसतं ‘हायब्रीड’ म्हणायला सुरुवात केली. पण भावात ज्वारी कायम मागे राहिली. ज्याला मुलीच्या लग्नासाठी, विहिरीसाठी, दवाखान्यासाठी रोख हवी तो ज्वारी का पेरेल?

प्रश्न असा की सोयाबीन घरात शिजत नाही. त्याचं वरण होत नाही, भाकरी होत नाही. दाण्यात जवळपास ४० टक्के प्रथिनं असूनही ती पेंडीच्या रूपाने कोंबड्यांच्या खाद्याकडे जातात, तेल कारखान्यात जातं, आणि तेच तेल पुढे पिशवीतून किराणा दुकानात परत येतं. म्हणजे प्रथिनांनी भरलेली पोती तालुक्यातून बाहेर जातात आणि तालुक्यातल्या अंगणवाडीत कमी वजनाची मुलं राहतात. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गोठ्यातलं जनावर कमी झालं आणि त्यासोबत घरचं दूध आणि ताकही. कळण्याची भाकरी, कण्या, आंबील हे रोजचं खाणं होतं, ते आता हौसेचं झालं. शहरात ज्वारीची भाकरी आरोग्याचा आहार म्हणून मिरवते, आणि २०२३ मध्ये तर ज्वारीचा भाव गव्हाच्या वर गेला. कधीकाळी गरिबाची म्हणून हिणवली गेलेली भाकरी गरिबाच्याच हाताबाहेर गेली.

भावाची गतही पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला १०,००० रुपयांच्या घरात पोहोचलं होतं. २०२४-२५ हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण २०२४ च्या दिवाळीच्या आगेमागे शेतकऱ्याच्या हाती ४,००० ते ४,३०० रुपयेच पडत होते. भाव पडला की आधी काय कमी होतं? बियाण्याचा आणि औषधाचा खर्च टाळता येत नाही, बचत गटाचा हप्ता चुकवता येत नाही. कमी होतं ते ताटातलं: आधी डाळ, मग तेल, मग दूध. आणि घरात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात हे सगळं सर्वांत आधी कमी होतं.

या भुकेला महिनेही आहेत. मृगात पेरणीसाठी हातातली रोख जाते. सोयाबीन बाजारात येतं दसरा-दिवाळीच्या सुमारास. मधला आषाढ, श्रावण, भाद्रपद उधारीवर निघतो. निंदणाची मजुरी मिळते, पण पाऊस लागून राहिला तर तीही नाही. पूर्वी या दिवसांत बांधावरचा तरोटा, घोळ, चिवळ, पाथरी या रानभाज्या हात देत. तणनाशकाच्या फवाऱ्याने त्यांतल्या बऱ्याच बांधावरून उठवल्या.

पाच किलोंचा हिशोब

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला ५ किलो धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्रात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम, साधारण ५८० उष्मांक. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे मध्यम कष्ट करणाऱ्या स्त्रीला दिवसाला २१३० उष्मांक लागतात. म्हणजे रेशन पाव पोट भरतं. हा पाव हिस्सा क्षुल्लक नाही, टाळेबंदीत अनेक घरं त्याच्यावरच तरली. पण उरलेलं पाऊण पोट बाजारावर आहे, आणि कायद्याच्या या धान्यात डाळ नाही.

बुलढाण्याला आणखी एक प्रकरण लागू होतं, आणि त्यात या व्याख्यानाचा गाभा सापडतो. ऑगस्ट २०१५ पासून राज्य सरकारने मराठवाडा आणि विदर्भातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही माणशी ५ किलो धान्य द्यायला सुरुवात केली: गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये. बुलढाणा त्या चौदांत होता. शेतकरी स्वतः धान्य विकत घेऊन खातो, हे सरकारने पहिल्यांदाच एवढ्या स्पष्टपणे मान्य केलं. २०२२ च्या उत्तरार्धात हा धान्यपुरवठा थांबला. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा होऊ लागले, पुढे ते १७० झाले.

५ किलोंना १५० रुपये म्हणजे किलोला ३० रुपये. हिशोब कागदावर बसतो. पण धान्य आणि रोख घरात एकसारखी वागत नाहीत. गव्हाचं चुंगडं घरात आलं की ते शिजतं, आणि ते कसं पुरवायचं हे बाई ठरवते. खात्यात आलेली रक्कम कर्जाच्या हप्त्यात वळती होऊ शकते, ती काढायला बँकेच्या गावी जावं लागतं, तिथे अर्धा रोज मोडतो. बाजारात भाव वाढला की धान्य कमी येतं, रक्कम तेवढीच राहते. रोख दिल्याने माणसाला निवड मिळते, असं रोखीच्या बाजूने म्हटलं जातं, आणि ते खरंही आहे. मुंबईतल्या कामगाराला ती सोयीचीच पडेल. पण ज्या मुलखाची भूक धान्य रोखीत बदलल्यामुळेच वाढत गेली, तिथे मदतही रोखीतच द्यायची, हा उपाय दुखण्याच्याच वाटेने जातो.

रेशन दुकानात अडचणी वेगळ्या. ई-पॉस यंत्रावर ‘थंब लागत नाही’, कारण आयुष्यभर विळा धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. सर्व्हर बंद असतो. तहसीलला नवं नाव घालायला गेलं की उत्तर येतं, इष्टांक संपला. हा इष्टांक २०११ च्या जनगणनेवर ठरला आहे. राज्यात सुमारे ७ कोटी लाभार्थी, त्यापुढे कुलूप. त्यानंतर जन्मलेली मुलं, सून म्हणून आलेल्या मुली, वेगळी झालेली कुटुंबं त्या कुलपापुढे थांबली आहेत. २०१९ पासून आंतरराज्य सोय सुरू झाल्याने वीटभट्टीवर किंवा परराज्यात कामाला गेलेल्या कुटुंबाला तिथे धान्य उचलता येतं. मात्र त्यासाठी त्याचं नाव मुळात यादीत असावं लागतं.

पंगत आणि रोजचं ताट

या जिल्ह्याला अन्नदानाची मोठी परंपरा आहे. १८७८ मध्ये शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना, अशी कथा आहे. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात शुकदास महाराजांनी रुजवलेल्या विवेकानंद जन्मोत्सवात लाखाहून अधिक माणसं एका वेळी मैदानात बसतात आणि पुरी व वांग्याची भाजी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून वाढली जाते. शेजारी कोण बसलंय हे तिथे कोणी विचारत नाही. जातीच्या उतरंडीने बांधलेल्या समाजात हे लहान काम नव्हे.

सरकारनेही ताटं वाढली. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली आणि काही वर्षांत केंद्रं बंद पडली. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. कोरोनाच्या काळात ती तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आणि काही महिने मोफतही मिळाली. नंतर केंद्रचालकांची बिलं थकू लागली. पंगत असो की थाळी, दोन्हींचा उपयोग आहे, पण आपला हक्क म्हणून त्या कुणालाच मागता येत नाहीत.

सातत्याने काम केलं तर काय होतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मेळघाटातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरल्यानंतर २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. जिच्या नावाने ते निघालं ती याच जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाची. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या ३९ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती, २०१२ च्या पाहणीत हे प्रमाण २३ टक्क्यांपर्यंत आलं. पण वेग टिकला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुंटलेली आणि २५.६ टक्के मुलं कृश आढळली. दोन्ही पाहण्यांचे वयोगट वेगळे असल्याने थेट तुलना होत नाही. तरी कृश मुलांच्या बाबतीत महाराष्ट्र देशाच्या १९.३ टक्के या सरासरीपेक्षाही मागे आहे, आणि पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याने याची लाज बाळगायला हवी.

चिखलीपुरतं काय करता येईल? पहिलं काम ज्वारीचं. सरकार हमीभावाने ज्वारी घेतं आणि राज्यातल्या काही जिल्ह्यांत ती काही काळ रेशनवर आलीही. घाटावर पिकलेली ज्वारी घाटावरच खरेदी करून इथल्याच दुकानांतून वाटली, तर पेरणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि खाणाऱ्याला सवयीचं अन्न. दुसरं डाळीचं. चिखलीच्या बाजारात हरभरा येतो, पण शेजारच्या गावातल्या रेशन दुकानात डाळ नसते. खरेदी केंद्र, दालमिल आणि दुकान यांना जोडणारा रस्ता तालुक्यातल्या तालुक्यात आखता येतो. तिसरं, केशरी कार्डाच्या शेतकऱ्याला धान्य की रोख, हे घरातल्या बाईला निवडू द्यावं. कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव आहे.

चौथं काम लगेच होण्यासारखं आहे आणि त्याला नवा पैसा लागत नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने व्हायची आहे. तिचे आकडे येऊन इष्टांक बदलायला आणखी काळ जाईल. तोवर यादीत मेलेल्यांची आणि कायमचं गाव सोडून गेलेल्यांची नावं आहेत, आणि जिवंत विधवा, वेगळ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, नव्या सुना बाहेर आहेत. ग्रामसभेत रेशनच्या यादीचं चावडी वाचन करण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे, गावपातळीवर दक्षता समिती आहे, आणि २०१३ च्या कायद्यात सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूदही आहे. हे वाचन ऑगस्टमध्ये व्हावं. मागची रोख संपलेली असते, सोयाबीन अजून शेंगेत असतं आणि कोणत्या घरात उधारी किती झाली हे गावाला ठाऊक असतं. जागा रिकामी करायची कुणाची आणि द्यायची कुणाला, हे त्या महिन्यात तहसीलपेक्षा ग्रामसभेला अधिक नेमकं सांगता येईल.